दाईचं देणं

समुपदेशनाचं शिक्षण संपवून मी रायपूरच्या एका रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा घाबरलेल्या माणसासाठी माझ्यापाशी एकच वाक्य होतं: ‘झालं गेलं विसरा.’ ते सुटलं मरवाहीकडच्या एका म्हातारीमुळे. मी तिला दाई, म्हणजे छत्तीसगढीत आई, म्हणायचे; ती मला नोनी, म्हणजे मुलगी.

ती पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला गेली असताना अस्वलानं तिच्यावर हल्ला केला होता. फुलं गळतात रात्री-पहाटे, आणि अस्वलंही तेव्हाच त्याच झाडाखाली येतात. खाली मान घालून वेचणाऱ्या बाईला अस्वल दिसत नाही, अस्वलाला ती कळत नाही. अचानक समोरासमोर आलं की ते नखं मारतं, कधी थेट डोक्यावर, चेहऱ्यावर. त्या भागातल्या उत्तर बिलासपूर वनविभागात 1998 ते 2000 या काळात अस्वलांचे 137 हल्ले नोंदले गेले, मृत्यू 11. म्हणजे बहुतेक माणसं जगतात. जगल्यावर पुढं काय, हे माझ्या पुस्तकांत नव्हतं.

टाके निघाल्यावर दाई रायपुरातच, तेलीबांध्याला मुलाच्या खोलीवर राहिली. मी जवळच राहायचे, म्हणून संध्याकाळी डोकवायचे. घरच्यांनी आरसा लपवला होता. अंगणात खराटा फिरला तरी ती दचकायची. वाळल्या पाल्यावर अस्वलाचं पाऊल पडलं की तसाच आवाज येतो. कुणी भेटायला आलं की सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची. मी विषय बदलायचे. एकदा तिनं हात वर करून मलाच गप्प केलं: “कहन दे, नोनी.” सांगू दे.

मग मी नुसती ऐकू लागले. हळूहळू हकीकत पालटत गेली. आधी तीत नखं आणि रक्तच होतं. पुढं शेजारणीची आरोळी आली, आपण टोपली फेकून मारली तेही आलं. एक दिवस अस्वलाबद्दल म्हणाली, “वहू तो महुआ बीने बर आय रहिस.” तेही मोहच वेचायला आलं होतं की! ऑस्ट्रेलियातल्या तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड यांना 1985 मध्ये काकाडूत मगरीनं धरलं होतं. त्या मगरीला मारू नका, असं त्यांनी सांगितलं. हे मी फार पुढं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही नंतरच हाती आली: बोलायचा आग्रह धरू नका, बोलू लागलं तर ऐका.

एका संध्याकाळी दाईच म्हणाली, तलावावर जाऊ. तेलीबांधा तलावाच्या काठाला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात, तिथं गर्दी ठरलेली. दाई पदर नाकापर्यंत ओढून निघाली. भुट्टेवाल्याशी घासाघीस करताना मात्र दोन्ही हात मोकळे हवेत, पदर सुटला. त्यानं एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भाव एका रुपयानंही उतरवला नाही. दाई घरी येईपर्यंत त्याला शिव्या घालत होती. इतक्या खुशीत मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

पुढं माझे वडील अपघातात गेले. ‘रडू नको’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी बाजूला नेलं आणि आई सांगेल तितक्यांदा तेच ऐकलं. हे बळ दाईचं.

हल्ल्यानंतरच्या पुढच्याच हंगामात दाई पुन्हा मोह वेचायला गेली. उजाडल्यावर, सुना-शेजारणींच्या घोळक्यात, मोठमोठ्यानं बोलत. आपल्या गडचिरोली-गोंदियातही बाया मोहाला जातात. तुमच्या गावात कुणी असं जखमी होऊन परतलं असेल, तर भरपाईचा अर्ज जरूर भरून द्या; आणि पहिल्या हंगामाला झाडापर्यंत त्यांच्या सोबत जा.