भिंतीवरची पिशवी

स्मरणिकेसाठी एखादे प्रवासवर्णन पाठवावे, असे शाळेचे पत्र आले. अजिंठा-वेरूळविषयी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी चीनच्या गान्सू प्रांतातील दुनहुआंग या लहानशा वाळवंटी गावाविषयी लिहितो.

तेथे एका साध्या अतिथिगृहात मी पाच दिवस मुक्काम केला. सकाळी निघावे, रात्री परतावे. साऱ्या चीनमध्ये घड्याळ बीजिंगचे. त्यामुळे पश्चिमेकडील या गावी उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड असतो. दक्षिणेस वाळूच्या उंच टेकड्या आणि त्यांच्या कुशीत चंद्रकोरीसारखे तळे. वायव्येस सुमारे 90 किलोमीटरवर युमेन खिंडीतील मातीचा चौकोनी कोट आणि जवळच हान राजवटीतील भिंतीचे अवशेष. बोरू आणि खडी यांचे थर एकावर एक रचून उभारलेली ती भिंत सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहे. आपला महाराष्ट्र पाहून गेलेला ह्युएन त्संग मायदेशी परतताना याच गावातून गेला होता. संध्याकाळी बाजारात जर्दाळूचे आंबटगोड सरबत पिताना हे आठवले, आणि गाव परके वाटेनासे झाले.

मोगाओची लेणी गावापासून 25 किलोमीटरवर आहेत. इ.स. 366 मध्ये एका भिक्षूने पहिले लेणे कोरविले, अशी परंपरा आहे. आज चित्रे व मूर्ती असलेली 492 लेणी मोजतात. आत मार्गदर्शिकेच्या विजेरीचाच काय तो प्रकाश. छायाचित्रे काढू देत नाहीत, हे बरेच आहे. माणूस निदान पाहतो तरी.

सतरा क्रमांकाचे लेणे म्हणजे एक लहानशी खोली. हजारो हस्तलिखिते तेथे भिंतीआड कोंडलेली होती. 1900 साली ती सापडली आणि 1907 मध्ये ऑरेल स्टाइन त्यांतील बरीचशी घेऊन गेला. वज्रच्छेदिका सूत्राची 868 सालची छापील प्रत त्यांतलीच. ती आता लंडनला आहे. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांसाठी ती विनामूल्य वाटण्याकरिता सिद्ध केली, असे तिच्या शेवटी नोंदलेले आहे.

खोलीत आता होंगबियान या भिक्षूचा पुतळा तेवढा आहे. त्याच्या मागील भिंतीवर दोन झाडे रंगविलेली आहेत. विजेरी वर सरकली, तेव्हा फांदीला अडकविलेली एक पिशवी दिसली.

आपल्या शाळेच्या फाटकाजवळचा कडुनिंब आठवतो ना? रविवारी भेटीला आलेले पालक त्याच्या फांद्यांना पिशव्या अडकवून सावलीत बसत. माझ्या बाबांच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याचे लाडू असत. प्रवेशाच्या वेळी त्यांनी नोंदवहीत अंगठा उमटविला होता आणि तो मला सलत होता. सातवीत असताना एका मित्राने विचारले, ‘‘कोण आलंय रे?’’ मी म्हणालो, ‘‘गावचे एक शेजारी.’’ बाबा चार हातांवर उभे होते. त्यांनी मुकाट्याने पिशवी काढून माझ्या हाती दिली आणि ‘‘नीट अभ्यास कर’’ एवढेच म्हणाले. पुढे तीस वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. गेल्या वर्षी ते गेले.

विजेरी पुढे सरकली. सोबतची मंडळी पुढच्या लेण्याकडे निघाली होती. मी मार्गदर्शिकेला खुणेने विनंती केली, आणि तिने प्रकाश पुन्हा त्या फांदीवर धरला.