मूळव्याधीच्या पाटीखाली

एसटी स्टँडच्या भिंतीवर हमखास दिसणारी पाटी: मूळव्याध, भगंदर, फिशर, बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज. शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे पहिलं निदान ही पाटीच करते. मग मलम आणा, इसबगोल घ्या, तिखट बंद, ताक सुरू. बहुतेकांना मूळव्याधच असते, आणि गोची तिथेच आहे. गुदाशयाच्या कर्करोगातही तसंच रक्त पडतं; शिवाय दोन्ही एकाच माणसाला असू शकतात.

*

गुदाशयाची खालची गाठ पुष्कळदा डॉक्टरांच्या बोटालाच लागते. हातमोजा, थोडी जेली, मिनिटभराचं काम. पण पेशंट लाजतो, डॉक्टरही आग्रह धरत नाहीत, आणि चिठ्ठीवर मलम लिहून दोघंही सुटतात.

*

पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन 8 वर आलं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. रक्त जातंय कुठे, आतड्यातून तर नाही ना, ते आधी शोधावं.

*

आतड्याच्या या कर्करोगाची एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची. बहुतेक वेळा आधी आतड्याच्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे मांसल कोंब येतो. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. 1969 मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या यांनी आतड्यात घातलेल्या दुर्बिणीतून तारेचा फास टाकून असे कोंब कापायला सुरुवात केली. त्याआधी पोट उघडावं लागे. म्हणजे ही दुर्बीण रोग नुसता शोधत नाही, होण्याआधीच खुडते.

*

दुर्बिणीपेक्षा आदली रात्र वाईट. खारट-गुळमट औषधाचं दोन-दोन लिटर पाणी प्यायचं आणि संडासाची वाट अडवणाऱ्यांवर ओरडायचं. खाली पडणारं पाणी पिवळसर, नितळ दिसलं की आतडं तयार. तपासणीच्या वेळी बहुतेकांना झोपेचं इंजेक्शन देतात.

*

जपानात 1992 पासून चाळिशीपुढच्यांचं दरवर्षी शौच तपासून लपलेलं रक्त शोधतात. अमेरिकेने 2021 मध्ये तपासणीचं वय 50 वरून 45 वर आणलं. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. प्रमाण आपल्याकडे कमी, तेव्हा सरसकट सगळ्यांना दुर्बीण घालावी असं मलाही वाटत नाही. पण ज्याचं रक्त पडतंय त्याची तपासणी हे स्क्रीनिंग, म्हणजे लक्षण नसताना केलेली चाळणी, नव्हे. ती व्हायलाच हवी.

*

‘आम्ही शाकाहारी.’ बरं. सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर या कॅन्सरचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, तेवढा तुमचा वाचला. सुटलेलं पोट, दिवसभराची खुर्ची, सिगारेट आणि शनिवारची बाटली यांचा हिशोब वेगळा.

*

1895 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. वॉर्थिनना सांगितलं, आमच्या घरात सगळे कॅन्सरने जातात, मीही जाणार. ती तशीच गेली, तरुणपणी. वॉर्थिननी तिच्या घराण्याची नोंद ठेवली. त्या घराण्यातल्या, आतड्याच्या कॅन्सरचाही धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाला पुढे लिंच सिंड्रोम नाव पडलं.

एरवीही सख्ख्या नात्यात साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर निघाला, तर बाकीच्यांची दुर्बीण चाळिशीत, किंवा नातेवाइकाला तो निघाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा. भावाला 48 व्या वर्षी, तर बहिणीने 38 ला. आमच्याकडे ‘आजोबा कशाने गेले?’ विचारलं तर ‘पोटाच्या दुखण्याने’. आणि वय? ‘तेव्हा मी नववीत होतो.’