द्यायचाच असलेला हात

मंडळी, आज जरा पत्त्यांविषयी. लगेच नाकं मुरडू नका!

माझ्या माहेरी पत्ते म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी मोठी माणसं झोपली की हळूच काढायची वस्तू. बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट. एरवी पत्त्यांना हात लावला की आजी ओरडायची, "जुगार शिकताय का मेल्यांनो?" 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीनं ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा मला आधी आजीच आठवली. बर्धन त्या वेळी 60 वर्षांचे होते. आजीला ही बातमी सांगायला हवी होती.

मी ब्रिज शिकले निवृत्तीनंतर, वयाच्या 58व्या वर्षी. शिकवलं आमच्या ह्यांनी. हे बँकेत होते आणि तिथल्या मित्रांबरोबर वर्षानुवर्षं खेळलेले. मी म्हटलं, "माझं बी. ए. मराठी माध्यमातलं, तुमची ती इंग्रजी पुस्तकं मला काय कळणार?" तर म्हणाले, "बाई, तेरापर्यंत मोजता येतं ना? मग ब्रिज येईल."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाला 13 पानं. चौघांचं एकेक पान पडलं की एक हात, असे एकूण 13 हात. ज्यानं हात जिंकला त्याच्याच पानांतून पुढची उतारी. आधी बोली लागते. बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो, तो डमी. मग बोली जिंकणारा दोन्हीकडची पानं एकटाच खेळतो. बोली 'तीन नो-ट्रम्प' असेल तर कुठलाच रंग हुकूम नाही आणि 9 हात करायचे.

ह्यांनी मला पहिल्यांदा क्लबात नेलं त्या संध्याकाळचा एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. बोली माझी, तीन नो-ट्रम्प. माझ्याकडे इस्पिकचे एक्का-राजा, बदामचे एक्का-राजा आणि किलवरचा एक्का. पाच हात खिशातच! चौकटची मात्र अठ्ठी, छक्की आणि दुर्री. समोर ह्यांनी डमी मांडली. तिच्यात चौकटची पाच पानं: एक्का, राजा, सत्ती, पंजी, तिर्री. बाकी सगळा कचरा. पाच अधिक दोन, सात हात झाले. अजून दोन हवेत.

आता दोघांची मिळून चौकटची पानं झाली आठ. म्हणजे विरुद्ध बाजूकडे पाच. ती तीन-दोन अशी वाटली गेली असतील, तर तीन फेऱ्यांत त्यांची चौकट संपणार आणि डमीतली उरलेली दोन बारीक पानं हात करणार. त्यांच्या हातात तेव्हा दुसऱ्या रंगाचा एक्का असला तरी काही उपयोग नाही! एवढं मला कळलं होतं. म्हणून मी ऐटीत चौकटचा एक्का वाजवला, राजा वाजवला आणि तिसरी फेरी त्यांना दिली. पानं खरंच तीन-दोन होती. डमीतली सत्ती आणि पंजी आता राजासारखी बसलेली. पण तिथं जाणार कशी? माझ्या हातातली चौकट संपली होती आणि डमीत दुसऱ्या रंगाचं एकही मोठं पान नव्हतं. कपाट भरलेलं आणि किल्ली आत! सातच हात झाले. दोन कमी पडले.

हे टेबलावर काही बोलले नाहीत. (ब्रिजमध्ये नवरा-बायको भिडू असली की हीच मोठी तपश्चर्या.) घरी येऊन चहा झाल्यावर तीच पानं पुन्हा मांडली आणि म्हणाले, "पाच पानांच्या रंगात तुला एक हात द्यायचाच होता. बरोबर? मग तो पहिलाच दे."

पहिल्या फेरीला हातातून दुर्री, डमीतून तिर्री. हात त्यांचा. त्यांनी काहीही उतारी केली तरी माझ्याकडे बाकी तिन्ही रंगांत एक्के शाबूत आहेत, त्यामुळे भीती नाही. मग छक्की खेळून राजावर जायचं, एक्का वाजवायचा आणि लागलीच सत्ती, पंजी. चौकटचे चार हात, एकूण नऊ. पानं तीच, गमावलेली फेरी एकच. फक्त ती आधी दिली, डमीत परत जायची वाट शिल्लक असताना.

मी विचारलं, "आणि पाच पानं चार-एक असती तर?" म्हणाले, "तर हरलीस. शंभरातून 68 वेळा ती तीन-दोन असतात. यापेक्षा जास्त खात्री हवी असेल तर पोस्टात पैसे ठेव."

असो. हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ह्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून मुलगा म्हणत होता, "बाबा, आमच्या इमारतीत तळमजल्यावर जागा मिळतेय, या." पत्त्यांत मला इतकं शहाणपण शिकवणारा माणूस, घराच्या बाबतीत मात्र एक्का-राजा वाजवत राहिला. अजून चालतंय की, अजून चढवतंय की. मीही साथ दिली, खोटं कशाला बोलू? शेवटच्या वर्षात ते दोनदाच खाली उतरले, तेही खुर्चीत बसवून, चौघांनी धरून. क्लब गेला, देऊळ गेलं, कोपऱ्यावरचा पेपरवाला गेला. पायांत बळ असताना हलले असते तर हे सगळं नव्या जागी पुन्हा जमवता आलं असतं.

आता मी 74 वर्षांची आहे. परवा भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर टेकले. शेजारची मुलगी म्हणाली, "आजी, देऊ का हात?" आणि मला एकदम ह्यांचं वाक्य आठवलं.

हे घर मला सोडायचंच आहे. प्रश्न एवढाच की कधी. अजून मी एकटी बसनं जाते, नव्या माणसांशी ओळखी करते, नवा भाजीवाला शोधू शकते. म्हणून त्याच रात्री मुलाला फोन केला. तो आधी घाबरलाच, "आई, काय झालं?" काही झालेलं नाही, म्हणूनच येतेय, असं सांगितलं.

नव्या जागी शेजार कसा निघेल, करमेल का, ठाऊक नाही. पानं चार-एकही निघू शकतात. ह्यांची ब्रिजची पुस्तकं आणि आमचा जुना कॅट मात्र बरोबर नेतेय. शोधू कुणीतरी भिडू.

दिवाळीनंतर हलते आहे. नवा पत्ता कळवीनच... घराचा!