दमणची धावपट्टी आणि आपली वाडी

मागल्या उन्हाळ्यात डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत जाण्याचा योग आला. बी पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव पाहायचा होता. फळे फोडून पाहिली, औषध सांगितले आणि निघालो, तेव्हा वाडीचे मालक म्हणाले, "साहेब, अळीचं करू काहीतरी. पण वाढवण बंदराजवळ विमानतळ होणार म्हणतात. तो आला तर या झाडांचं काय, ते सांगा."

मी गप्प झालो. तीस वर्षांच्या नोकरीत खत, बियाणे, कीड, कर्ज यांवर पुष्कळ प्रश्न ऐकले, पण शेतकीच्या पदवीत विमानतळाचा धडा नव्हता. मनात म्हटले, उत्तर माहीत नाही तर निदान एक धावपट्टी जवळून पाहू. आपल्याला सर्वांत जवळची जुनी धावपट्टी दमणची. एका रविवारी बोईसरहून सकाळची गाडी धरली.

वाणगाव, डहाणू रोड, घोलवड करीत गाडी उंबरगाव, संजाणकडे निघाली की खिडकीतून ताडांच्या रांगा आणि गवताची राने दिसतात. मध्ये राज्याची सीमा ओलांडली जाते, पण जमिनीला ते ठाऊक नसते. वापीला उतरून बारा-तेरा किलोमीटरवर दमण. तारापूर आणि दमण यांचे नाते जुने आहे. 1559 मध्ये पोर्तुगिजांनी दमण घेतले आणि आपला तारापूरचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता. 1739 च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. तारापूर सुटले, पण दमण आणखी सव्वादोनशे वर्षे परक्याकडे राहिले.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा दमणला विमाने कशाला लागली? याचे उत्तर 1954 सालात आहे. त्या वर्षी 22 जुलैला दादरा आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. या लढ्यात आपल्याकडची पुष्कळ मराठी मंडळी होती. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच एक. त्यानंतर भारताने पोर्तुगीज मुलखाची नाकेबंदी केली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 1960 मध्ये निकाल लागला की सामान्य माणसे आणि माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा मुळीच नव्हता. म्हणजे बांधाने वाट अडवली, तेव्हा शेजाऱ्याने आभाळातून वाट काढली. त्या दशकात गोव्यात दाबोळी आणि इकडे दमण, दीव येथे धावपट्ट्या झाल्या. 1955 मध्ये पोर्तुगीज हिंदची स्वतःची विमान कंपनी उभी राहिली. तिची विमाने गोवा, दमण, दीव, कराची अशी फिरत आणि पुढे मोझांबिक, तिमोरपर्यंत जात. त्या पट्टीवर प्रवासी उतरे, टपाल उतरे आणि सरकारची माणसेही उतरत.

असे ठाणे लढाईत आधी हेरले जाते. 18 डिसेंबर 1961 च्या पहाटे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे आपली जंगी पलटण, दमणवर चालून गेली. संध्याकाळपर्यंत बहुतेक मुलूख हाती आला, पण विमानतळ पोर्तुगिजांनी धरून ठेवला. 19 तारखेच्या सकाळी त्यांनी शरणागती दिली. त्याच मोहिमेत गोव्यात आपल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. प्रवाशांच्या इमारतीला मात्र धक्का लावायचा नाही असा हुकूम होता. रात्री पोर्तुगिजांनी खड्डे बुजवले आणि उरलेली दोन मोठी विमाने अंधारात कराचीला निसटली.

नानी दमणला कुंपणाशी एका सुकी मासळी विकणाऱ्या आजी बसल्या होत्या. लढाईच्या वेळी त्या लहान होत्या. म्हणाल्या, "दोन दिवस चूल पेटली नाही, एवढं आठवतं. तिसऱ्या दिवशी शिपाई आले नि त्यांनी मराठीत पाणी मागितलं." आजींनी मला अर्धा किलो बोंबील दिले आणि पैसे मात्र मोजून घेतले.

विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे. 1987 मध्ये इथे दलाचे हवाई ठाणे झाले. आत जाता येत नाही आणि फोटो काढायचा नाही. तरी बाहेरून जे समजले ते सांगतो. इथे एक लांब आणि एक आखूड अशा दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात. खळ्यावर आपण वारा पाहून उफणणीला उभे राहतो, तसेच विमान वाऱ्याला तोंड करून उतरते आणि उडते, म्हणून पट्टीची दिशा वाऱ्यावरून ठरते. मोठ्या पट्टीच्या एका टोकाला 21 हा आकडा. उत्तरेपासून 210 अंश, म्हणजे नैर्ऋत्य. आपला पावसाळी वारा येतो तीच दिशा.

दुसरी गोष्ट गवताची. पट्टीभोवतीचे गवत बेतात राखावे लागते. गवत माजले की उंदीर येतात, उंदरामागे घारी येतात आणि घार विमानाला धडकली की अनर्थ होतो. नांगरामागे बगळे कसे धावतात ते तुम्ही रोज पाहता. म्हणून विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणे किंवा जनावरे कापून घाण टाकणे यास कायद्याने बंदी आहे. विमानांच्या वाटेखालच्या इमारतींच्या आणि झाडांच्या उंचीवरही बंधने असतात. उंच ताड आणि माड असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विमानतळ कुंपणात संपत नाही, तो शेजारच्या शेतातही थोडा शिरतो.

लष्करी पट्टी आणि नागरी विमाने यांचा संसार सामायिक विहिरीसारखा असतो. विहीर एक, मोटा दोन, पाळी ठरलेली. दाबोळीचेच पाहा. 1962 मध्ये ती नौदलाकडे गेली, 1966 मध्ये नागरी विमाने पुन्हा सुरू झाली. पण कामाच्या दिवशी सकाळचे बरेच तास नौदलाच्या सरावाचे, बाकीचे प्रवाशांचे. पर्यटक वाढले तशी पाळीची ओढाताण वाढली. शेवटी मोपा येथे दुसरा विमानतळ बांधावा लागला. तो जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. दमणचा पसारा लहान. 2018 च्या फेब्रुवारीत दमण-दीव हेलिकॉप्टर सेवेचा प्रारंभ झाला, पण मुख्य काम तटरक्षकांचेच.

ते काम आपल्या उपयोगाचे आहे, हेही सांगितले पाहिजे. वादळ येणार असले की तटरक्षक दलाची विमाने समुद्रावर फिरून होड्यांना परत फिरण्याचा इशारा देतात. मे 2021 च्या तौक्ते वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' नावाचा तराफा आपल्या पालघरच्या किनाऱ्याकडे वाहत आला आणि रुतला. त्यावर 137 माणसे होती. तटरक्षक दल आणि नौदल यांनी हेलिकॉप्टरे लावून ती सर्वच्या सर्व सुखरूप काढली. तेव्हा धावपट्टी म्हणजे नुसते संकट, असे मी म्हणणार नाही.

पण जमीन गेली की काय होते, हे तारापूरकरांना कोणी शिकवायला नको. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वीज देशाला मिळाली, पण घर आणि वाडी सोडून जाणे सोपे नसते. म्हणून वाढवणच्या विमानतळाचे पुढे काय होते ते होवो, आपण आपली तयारी ठेवावी. बाजूने राहा की विरोधात राहा, कागद दोन्हीकडे लागतो.

2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमिनीबरोबर झाडे, विहीर, घर यांचेही मोल धरावे लागते, आणि झाडांचे मोल ठरवताना शेती-फळबागेतल्या जाणत्या माणसांची मदत घेता येते. मात्र कागदावर झाडच नसेल तर मोल कशाचे करणार? सातबारा काढून पिकाची नोंद पाहा. झाडांची संख्या, वय, लागवडीचे वर्ष लिहून ठेवा. ई-पीक पाहणीत फळझाडे नोंदवा. वारसांची नावे लागली नसतील तर आधी लावा. आपल्या भागातल्या पेसा गावांत ग्रामसभेचे मत घ्यावे लागते. त्या दिवशी शेताला सुटी द्या, पण सभा चुकवू नका.

परत आल्यावर मी त्या वाडीत पुन्हा गेलो. मालकांना म्हटले, "विमानतळाचं मला ठाऊक नाही. आपण तुमची झाडं मोजू." त्यांच्या मुलाने चुन्याचा डबा घेतला आणि प्रत्येक बुंध्यावर आकडा घालीत गेला. तास-दीड तासाने झाडे भरली 143. मग त्यांनी ट्रंकेतून सातबारा काढला. वडिलांच्या काळापासून त्या गटासमोर एकच शब्द उतरत आला होता : गवत.

मालक बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं आम्ही गवताला पाणी घालत होतो म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि त्यांचा मुलगा तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर बसलेले मला दिसले. तुमच्या सातबाऱ्यावर काय लिहिले आहे, हे आज संध्याकाळीच एकदा पाहून घ्या.