नागोयाहून आईस

नागोया, सोमवार रात्र

ती. आईस सा. न.

माझ्या वर्गाची मुलं झोपलीत. मी स्वयंपाकघरात हीटरला चिकटून लिहितेय. इबुकी डोंगरावरून येणारा वारा हाडांत शिरतो. तू बळेच दिलेली शाल अंगावरून उतरत नाही. जेवणाचे हाल आहेत. नूडल्सच्या रश्श्यात, तांबड्या मिसोच्या सारात, सगळीकडे वाळवलेल्या माशाचा अर्क. शाकाहारी मुलं आंबट उमेबोशी भरलेल्या भाताच्या गोळ्यांवर दिवस काढताहेत. एकाला १५० येन, म्हणजे आपले ८०-९० रुपये! मेतकुटाची पुडी आणायला हवी होती.

वसतिगृहाचा व्यवस्थापक मात्र डोक्यात गेलाय. एका बाटलीचं झाकण काढलं नव्हतं म्हणून कचऱ्याची आख्खी पिशवी आमच्या दारात आणून ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. फार राग आला.

बुधवार, टोयोटाहून परतताना

कारखाना पाहिला. पण लिहायचंय ते कालच्या बैठकीबद्दल. सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मुलांनी सरावासाठी प्रस्ताव मांडला. दोन्ही हातांनी कार्ड देणं, कमरेत वाकणं, सगळं चोख. मग समोरचे वयस्कर गृहस्थ कागद बघत गप्प बसले. आपली कोल्हापूरची मुलगी कासावीस झाली आणि कुणी न मागता तिने किंमत ८ टक्क्यांनी उतरवली! ते नुसता विचार करत होते गं. पुढे त्यांनी माल कधी मिळेल ते विचारलं. आमचा एकजण म्हणाला, "होऊन जाईल." त्यावर प्रश्नांची सरबत्ती: कोण करणार, कधी कळवणार, अडलं तर कुणाला सांगणार?

हॉफस्टेड या डच अभ्यासकाच्या अनिश्चितता टाळण्याच्या निर्देशांकावर जपान ९२, भारत ४०. मुलांनी हे आकडे परीक्षेत लिहिलेत. पण समोरचा गप्प बसला की आपला जीव कसा घाबरतो, ते कुठल्या तक्त्यात सापडणार? ते अनुभवावं लागतं आणि त्याच दिवशी त्यावर बोलावं लागतं. काल रात्री आम्ही बोललो. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, मला वाटलं ते रागावले." तिला हे एकदा कळलं, आता ती पुढच्या बैठकीत थांबेल.

आल्यावर प्राचार्यांकडे हट्ट धरणार आहे: शिष्टाचाराचे तास कमी करा, मुलांना चाकणच्या परदेशी कंपन्यांत कामाला पाठवा. इथवर यायला विमानाचं भाडं सगळ्यांना कुठून परवडणार?

उद्या ओसाका. चिनूचा खोकला कसा आहे ते कळव. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
माई