अमरांच्या निमित्ताने

अटलांटाहून पूर्वेला सुमारे ३५ मैलांवर, आय-ट्वेंटी महामार्गालगत, कॉव्हिंग्टन नावाचं लहान गाव आहे. गावच्या चौकात १८८४ साली बांधलेलं कोर्ट आहे. 'द व्हॅम्पायर डायरीज' पाहिलेला कुणीही त्याचा घड्याळाचा मनोरा लांबून ओळखतो, कारण मालिकेतलं मिस्टिक फॉल्स गाव म्हणजे बहुतांशी हेच. १० सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेली ही मालिका आठ पर्वं आणि १७१ भाग चालून १० मार्च २०१७ रोजी संपली. संपून इतकी वर्षं झाली तरी तिचे चाहते अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून आणि परदेशांतूनही इथे येतात. मनोऱ्याखाली फोटो काढतात, मालिकेतल्याच नावाने चालणाऱ्या मिस्टिक ग्रिलमध्ये जेवतात, वाटाड्याबरोबर गावभर फिरतात. नायिका एलेनासाठी दोघा व्हॅम्पायर भावांपैकी डेमन योग्य की स्टेफन, हा वाद लवकरच आटोपतो. मग बोलणं वळतं घरभाड्याकडे, आईच्या आजारपणाकडे, सुटलेल्या नोकरीकडे, मुलाला शाळेत होणाऱ्या त्रासाकडे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मालिकेचा विषय संपला आणि उरलेला वेळ इकडच्या तिकडच्या गप्पांत गेला. मला नेमकं उलटं वाटतं. रोजच्या जगण्याबद्दल अनोळखी माणसाशी बोलता यावं, यासाठीच माणसांना अशा अद्भुत गोष्टींची गरज पडते. अटलांटासारख्या परक्या शहरात राहायला आलेल्या आपल्यासारख्या मराठी माणसांनी ही गरज समजून घेतली, तर शहर आपलं होण्याची एक खरीखुरी वाट आपल्याला सापडेल.

पहिला पुरावा अशा मालिकांच्या पोटातच आहे. 'द व्हॅम्पायर डायरीज'ची नायिका एलेना गिल्बर्ट शाळकरी मुलगी आहे आणि तिचे आईवडील नुकतेच मोटार अपघातात गेले आहेत. शाळेचा पहिला दिवस, धाकट्या भावाची काळजी, मावशीची ओढाताण, गावच्या संस्थापक दिनाची तयारी या सगळ्यामधून रक्ताची आणि शापाची गोष्ट वाट काढत जाते. दीडशे वर्षं जगलेला स्टेफनही रोजनिशी लिहितो. पुढे कथा व्हॅम्पायरचा पुन्हा माणूस करणाऱ्या औषधाभोवती फिरते आणि शेवटी डेमन पुन्हा माणूस होऊन एलेनाबरोबर चारचौघांसारखा संसार करतो. आठ वर्षांच्या चमत्कारांनंतर बक्षीस म्हणून हाती पडतं ते म्हातारं होण्याचं सुख. १९९७ ते २००३ या काळातल्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'मध्ये हेच आणखी धारदारपणे येतं. २७ फेब्रुवारी २००१ रोजी दाखवलेल्या 'द बॉडी' या भागात बफीची आई मरते. तिला कुणा राक्षसाने मारलेलं नसतं, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून ती घरातल्या कोचावर गेलेली असते. संपूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. हजार वर्षं दानवी म्हणून काढलेली अन्या मरणापुढे लहान मुलासारखी गोंधळून जाते. अशा भागानंतर दोन चाहते भेटले, तर ते व्हॅम्पायर मारण्याच्या युक्त्यांवर बोलणार नाहीत, आपापल्या घरातल्या मरणाबद्दल बोलतील. त्याही आधी, १९६६ ते १९७१ या वर्षांत एबीसी वाहिनीवर रोज दुपारी लागणारी 'डार्क शॅडोज' ही मुळात एका घराण्याची कौटुंबिक मालिका होती. बार्नबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर तिच्यात १९६७ साली आला आणि तिचं नशीब पालटलं. ती बंद पडल्यावरही तिच्या चाहत्यांचे मेळावे कित्येक दशकं भरत राहिले. इतकी वर्षं लोक केवळ कथानकासाठी जमत नाहीत. कथानक तर प्रत्येकाला पाठ असतं.

दुसरा पुरावा आपल्याच घरचा आहे. वेताळ प्रेतात राहतो, स्मशानातल्या झाडाला लटकतो, पण राजा विक्रमाच्या खांद्यावरून तो विचारतो काय? मेलेल्या मुलीला जिवंत करायला तिघांनी हातभार लावला, तर नवरा कोणाला म्हणायचं? नवऱ्याचं आणि भावाचं डोकं अदलाबदल होऊन धडांवर बसलं, तर बायकोने कोणाच्या घरी जायचं? अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त गुंफलेल्या या कथा लग्न, माहेर, वारसा, उपकार अशा घरगुती न्यायाच्या कथा आहेत. १९८५ साली रामानंद सागर यांनी दूरदर्शनसाठी 'विक्रम और बेताल' केली, तेव्हा अरुण गोविल आणि सज्जन यांचे ते संवाद ऐकून घराघरांत वाद झाले ते याच प्रश्नांवर. तळकोकणात आरवलीचा वेतोबा रात्री गावभर फिरतो म्हणून त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात, आणि त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात ते जमिनीच्या वादाचं, अडलेल्या लग्नाचं, घरातल्या दुखण्याचं. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या माणसाला तर अश्वत्थामा वेगळा सांगायला नको. शहराच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या असीरगडावर गुप्तेश्वर महादेवाच्या देवळात तो पहाटे पूजेला येतो आणि कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी लोकांकडे तेल मागतो, अशी तिथली लोककथा आहे. या कथेचं मर्म मला नेहमी एकाच गोष्टीत दिसतं. त्याला मरण नाही, पण जखमेला तेल लावणारं घरचं माणूसही नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्याला बऱ्हाणपुरात ही कथा हमखास ऐकवली जाते. सांगणारा ती सांगता सांगताच विचारतो की कुठून आलात, मुलंबाळं किती, जेवणाची सोय झाली का. कथा अमर माणसाची, विचारपूस मात्र समोरच्या मर्त्य माणसाची. कॉव्हिंग्टनच्या चौकात घडतं ते याहून वेगळं नाही.

अटलांटात अशा गप्पांचं मोल का वाढतं, हे शहराच्या रचनेतूनच कळतं. हे मोटारीचं शहर आहे. घरातून गॅरेज, गॅरेजातून रस्ता, रस्त्यावरून कचेरीचा वाहनतळ. वाटेत ओटा नाही, पार नाही, चहाची टपरी नाही. १९८९ साली रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने घर आणि कामाची जागा यांच्याखेरीज माणसाला एक तिसरी जागा लागते, असं मांडलं आणि अमेरिकी उपनगरांत ती नाहीशी होत असल्याची खंत व्यक्त केली. परदेशातून आलेल्या माणसाला ही उणीव दुप्पट जाणवते. शेजाऱ्याशी बोलायला त्याच्याकडे समान शाळा नाही, समान नातेवाईक नाहीत, लहानपणी ऐकलेली समान गाणी नाहीत. हवामान आणि रहदारी यांपलीकडचं काही विचारलं, तर ती खाजगी चौकशी ठरण्याचं भय असतं. व्हॅम्पायरकथांत एक नियम आहे, १८९७ च्या ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'पासून तो चालत आला आहे. घरातल्या माणसाने आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही. परदेशी आलेला माणूस वर्षानुवर्षं अशाच बोलावण्याची वाट पाहत असतो, आणि समान आवड हे अशा बोलावण्याचं सर्वांत सोपं रूप आहे. तुम्ही ती मालिका पाहता का, या प्रश्नाला व्हिसा लागत नाही, उच्चार शुद्ध असावा लागत नाही. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून वाहत शहरापर्यंत येतं. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात झालेल्या त्या रचनेत वरून दिसतात ती फक्त कुंड्यांची तोंडं, एकमेकांपासून सुटी, पण तळाशी पाणी एकच. मालिकेच्या गप्पा म्हणजे अशीच कुंड्यांची तोंडं. खाली वाहतं ते रोजचं जगणं, आणि ते सगळ्यांचं एकमेकांशी जोडलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो धंद्याचा. मालिका नफ्यासाठी निघते, जॉर्जिया राज्य चित्रीकरणाला करसवलत देतं, कॉव्हिंग्टनची दुकानं व्हॅम्पायरच्या नावाने टीशर्ट विकतात, मग यात माणुसकी कुठून आली? पैसा आहे, हे खरंच आहे. पण पंढरीच्या वारीतही दुकानं लागतात, खेळणी विकली जातात, आणि त्यामुळे शेजारून चालणाऱ्या वारकऱ्यांची ओळख खोटी ठरत नाही. टीशर्टचे पैसे घेता येतात. दोन बायका एकमेकींना आपल्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगतात, त्याचं बिल कुणाला करता येत नाही. धंद्याने माणसं एका चौकात आणली, पुढचं त्यांनी स्वतःच केलं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही ओळख उथळ असते, असं म्हणतात. आवडत्या पात्रावरून झालेला मित्र मध्यरात्री दवाखान्यात धावून येईल का? कदाचित येणार नाही. पण प्रत्येक नात्याने मध्यरात्री धावून यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं की नव्या संधीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून अधिक मिळते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. स्थलांतरितासाठी तर ही जुजबी ओळख म्हणजे शहराची माहिती असते. कोणता डॉक्टर नीट ऐकून घेतो, कोणत्या शाळेत परक्या मुलांना सांभाळून घेतात, घरमालकाने अनामत अडवली तर कुठे तक्रार करायची, हे सगळं अशा गप्पांतूनच कळतं. शिवाय खोल नाती आभाळातून पडत नाहीत. बऱ्हाणपूरच्या गल्लीतला शेजारी सख्खा झाला, तो रोजच्या दहा फुटकळ वाक्यांच्या वर्षानुवर्षांच्या जोरावर. ती फुटकळ वाक्यं बोलायला इथे जागा आणि निमित्त लागतं, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर पूर्ण नाही. या चौकात सगळ्यांनाच सारखं बोलावणं असतं का? 'द व्हॅम्पायर डायरीज'ची कथा अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली मुळं रोवते, डेमन दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सैन्यातला सैनिक असतो, पण ज्या गुलामगिरीवर ते जग उभं होतं तिच्याबद्दल मालिका फारसं बोलत नाही. बॉनी बेनेट ही काळी चेटकीण पर्वामागून पर्व गोऱ्या मित्रांसाठी त्याग करत राहते, आणि अनेक प्रेक्षकांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. खुद्द कॉव्हिंग्टनच्या चौकातला कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा हटवावा की ठेवावा, हा वाद जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे ज्या चौकात चाहते गप्पा मारतात, तिथल्या दगडांतही कोण आतलं आणि कोण बाहेरचं हा प्रश्न कोरलेला आहे. पण माझ्या मते हा आक्षेप गप्पांच्या बाजूनेच जातो. बॉनीवर अन्याय झाला, हे आधी चाहत्यांनीच म्हटलं. मालिकेवर प्रेम होतं म्हणून त्यांना तो अन्याय बोचला, आणि तिच्याबद्दल बोलता बोलता त्यांना आपल्या कचेरीत, आपल्या शाळेत कोणाकडून नेहमी त्याग अपेक्षिला जातो, हेही बोलता आलं. वर्णाचा प्रश्न एरवी ज्या दोघांना एकमेकांसमोर काढता आला नसता, त्यांना बॉनीमुळे तो काढता आला. यामुळे अन्याय मिटत नाही, पण त्याला नाव देण्याची सुरुवात होते.

आता राहिला आपल्या लोकांचा प्रश्न. आपल्याकडे महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, दिवाळी अंक येतात, नाटकं होतात, मग व्हॅम्पायरच्या वेडात आपलं काय काम, असं कुणी विचारेल. मंडळ हवंच. भाषा टिकते ती तिथे. पण मंडळ आपल्याला आपल्याच लोकांशी जोडतं, आणि आपण राहतो ते मात्र सगळ्यांच्या शहरात. याबाबतीत बऱ्हाणपूरकडे पाहावं. खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन या संताचं नाव त्या शहराला आहे. फारुकींनी ते वसवलं, मुघलांनी वाढवलं, पुढे ते मराठ्यांकडे आलं. विणकर, बोहरे, शीख, गुजराती, मराठी असे सगळे तिथे कुठून ना कुठून आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर शहर मध्य प्रदेशात राहिलं आणि तिथला मराठी माणूस घरात मराठी, बाजारात हिंदी बोलत राहिला. दुसऱ्याच्या गोष्टीत शिरल्याने आपली गोष्ट पुसली जात नाही, हे ते शहर शतकानुशतकं जगून दाखवत आलं आहे.

म्हणून अटलांटातल्या मराठी आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलगी व्हॅम्पायरची मालिका पाहत असेल, मैत्रिणींबरोबर कॉव्हिंग्टनला जायचं म्हणत असेल, तर ते फुकटचं खूळ समजून मोडीत काढू नका. तिच्याबरोबर दोन भाग बसून पाहा, कोण आवडतं आणि का ते विचारा, आणि तिच्या मैत्रिणींना घरी जेवायला बोलवा. मंडळांनीही वर्षातून एखादी संध्याकाळ आपल्या वेताळाच्या, वेतोबाच्या, अश्वत्थाम्याच्या गोष्टींसाठी ठेवावी आणि दार शेजाऱ्यांना मोकळं ठेवावं. गोष्ट सांगून झाली की लोक आपसूक आपल्या घरच्यांबद्दल बोलू लागतील. शहरात राहणं आणि शहराचं होणं यांत जे अंतर आहे, ते अशाच संध्याकाळी कमी होतं, आणि ते कमी करण्याची निम्मी जबाबदारी आपली आहे.