११८ की १८९?

लाइट्स आउटनंतर बोलायची परवानगी नसते, पण आमच्या डॉर्मिटरीतला सगळ्यात मोठा वाद लाइट्स आउटनंतरच झाला. वाद होता एका गाडीच्या इंजिनावरून, आणि ती गाडी आम्ही दोघांनीही कधी प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

आमच्या हाऊसमध्ये मराठी बोलणारे दोघंच. मी साताऱ्याचा म्हणून 'सातारकर' आणि शेजारच्या पलंगावरचा 'लातूरकर'. खरी नावं फक्त हजेरीपुरती. लायब्ररीत मोटारींच्या मासिकांचे जुने अंक आहेत. त्यांत आम्हाला लोटस एलिझ सापडली. इंग्लंडमधली ही दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स कार १९९६ साली बाजारात आली. तिची चौकट ॲल्युमिनियमची, तीही तुकडे चिकटवून जोडलेली. चौकटीचं वजन ६८ किलो आणि अख्खी गाडी साधारण ७२५ किलोची.

लोटस कंपनी स्थापन करणारे कॉलिन चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. विद्यार्थी असतानाच ते विमान चालवायला शिकले आणि काही काळ रॉयल एअर फोर्समध्येही होते. गणिताचा शेवटचा पेपर त्यांना पुन्हा द्यावा लागला आणि पदवी वर्षभर उशिरा मिळाली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. गाडी हलकी असावी यावर त्यांचा भर असे. जास्त ताकदीचा फायदा मुख्यतः सरळ रस्त्यावर होतो. वजन कमी केलं की वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळताना, तिन्ही वेळा फायदा होतो.

एलिझची इंजिनं मात्र दुसऱ्या कंपन्यांची. पहिल्या गाडीत रोव्हरचं 'के सिरीज' होतं, ११८ हॉर्सपॉवरचं. पुढे २००४च्या सुमारास '१११ आर' हे मॉडेल आलं. त्यात टोयोटाने यामाहाच्या मदतीने बनवलेलं 'टू झेड झेड' होतं, १८९ हॉर्सपॉवरचं. गंमत म्हणजे दोन्ही इंजिनं १७९६ सीसीचीच.

"अरे, एकशे एकोणनव्वद जास्त की एकशे अठरा? पहिलीतलं पोरगंही सांगेल," मी म्हणालो.

"किती आर.पी.एम.वर, ते पण बघ की," अंधारातून लातूरकर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रेपमध्ये त्याने हिशोब मांडून दाखवला. अकरावीच्या फिजिक्समध्ये सूत्र आहेच: शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. के सिरीजचा सर्वाधिक टॉर्क १६५ न्यूटन-मीटर, तो ३००० आर.पी.एम.वर मिळतो. त्या वेळी शक्ती होते सुमारे ५२ किलोवॅट. टू झेड झेडचा टॉर्क १८१ न्यूटन-मीटर, पण तो ६८०० आर.पी.एम.वर. तिथे शक्ती होते १२९ किलोवॅट. टॉर्कमध्ये फरक फक्त १६ न्यूटन-मीटरचा, शक्ती मात्र जवळजवळ अडीचपट. म्हणजे ही ताकद मुख्यतः वेगाने फिरण्यातून येते. टू झेड झेडमध्ये साधारण ६२०० आर.पी.एम.नंतर कॅमचा मोठा उंचवटा काम करू लागतो. झडपा जास्त उघडतात, जास्त हवा आत जाते आणि इंजिन ७८०० पर्यंत चढत जातं. त्याच्या खाली ते साध्या इंजिनासारखंच वागतं. के सिरीज उलट खालपासूनच ओढतं.

मला हे ऐकून आनंदच झाला, कारण मी हाऊसचा शंभर मीटरचा धावपटू. मी टू झेड झेड, लातूरकर के सिरीज, असं मी तिथेच जाहीर करून टाकलं. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जिममध्ये जाऊन मी सात किलो वजन वाढवलं. आरशात बघायला छान वाटायचं.

ऑक्टोबरमध्ये इंटर-हाऊस क्रॉस कंट्री झाली. अंतर साडेसहा किलोमीटर, मध्ये तळ्यामागची लांब चढण. माझा बेत ठरलेला होता: शेवटच्या चारशे मीटरसाठी दम राखून ठेवायचा आणि तिथे सगळ्यांना मागे टाकायचं. पण चढणीवर अर्ध्यातच माझे पाय संपले. लातूरकर एकाच लयीत, ना हळू ना जोरात, बाजूने वर गेला. मी कमरेवर हात ठेवून चालायला लागलो. शेवटचे चारशे मीटर आले तेव्हा राखून ठेवलेलं काहीच उरलं नव्हतं.

आमचं हाऊस दोन गुणांनी कप हरलं. हाऊस कॅप्टनने विचारलं तेव्हा मी पोटरीत क्रॅम्प आल्याचं सांगितलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. लातूरकर शेजारीच उभा होता. त्याने मला चढणीवर पाहिलं होतं; माझा हात पोटरीवर नव्हता, कमरेवर होता, हे त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही. त्यानंतर दोन महिने मीच त्याच्याशी नीट बोललो नाही. चूक माझी आणि राग त्याच्यावर.

डिसेंबरच्या परीक्षेच्या वेळी फिजिक्सची वही चाळताना तो हिशोब पुन्हा दिसला. त्यात एक गोष्ट आम्ही धरलीच नव्हती: वजन. १११ आर साधारण ८६० किलोची आहे, पहिल्या एलिझपेक्षा १३५ किलोंनी जड. ते वजन एकट्या इंजिनाचं नाही, एबीएस आणि इतर वाढीव सोयींचंही आहे. पहिली गाडी किलोमागे १२१ वॅट देते, दुसरी १६४. म्हणजे १११ आर पुढे आहेच, तिथे मी चुकलो नव्हतो. पण ५३ किलोवॅटच्या वाढीतले सुमारे १६ किलोवॅट नुसतं वाढीव वजन वाहण्यात जातात. शिवाय त्या इंजिनाची ताकद वर आहे हे ओळखून त्याला पाचऐवजी सहा गिअरचा गिअरबॉक्स दिलेला आहे. मी मात्र सात किलो वाढवले आणि त्या वजनानिशी एकदाही चढणीवर सराव केला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. '१८९' म्हणायचं आणि '७८०० वर' हे सांगायचं नाही, म्हणजे अर्धंच सांगणं. मी स्वतःबद्दल तेवढंच सांगत आलो होतो. क्रॅम्प तर अर्धंही खरं नव्हतं.

सुट्टीवरून परतल्यावर मी हाऊस कॅप्टनला खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की कप तर गेला, पण टीममधल्या बाकीच्यांनाही सांग. रात्री फॉल-इनच्या आधी सांगितलं. सात जणांसमोर ती चार वाक्यं बोलणं मला त्या चढणीपेक्षा जड गेलं. ज्युनियर टीममधून पहिल्यांदाच वर आलेला एक मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे पाय त्या दिवशी रक्ताळले होते, तरी तो थांबला नव्हता.

लातूरकरची माफी मागितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उद्या पाचला ऊठ. तळ्यापर्यंत जाऊ."

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा आम्ही चढणीवर जातो. वर जाताना लय त्याची, उतरल्यावर शेवटचे चारशे मीटर माझे. वाढवलेल्या सातपैकी चार किलो गेले आहेत. यंदाची क्रॉस कंट्री अजून व्हायची आहे.

इंजिनाचा वाद मात्र मिटलेला नाही. तो अजून के सिरीजच्या बाजूने आहे आणि मी टू झेड झेडच्या. फक्त आता मी आकडा सांगताना आर.पी.एम.ही सांगतो आणि वजनही.